स्थिर आकार

माझ्या पिशवीत बारा थर्मामीटर, फॉर्मांचा गठ्ठा,
अंगात खात्याचं निळं जाकीट.
बोट दोन तास उशिरा. बेटावर उतरले
तेव्हा स्कॉटलंड मागेच संपून गेल्यासारखं वाटलं,
पुढे नुसता वारा.

शोनाग मॅकॅस्किल, वय एक्याऐंशी.
खोल्या पाच, उघडी एक.
पलंग स्वयंपाकघरात ओढून घेतलेला.
"हिवाळ्यात घर आटतं," म्हणाली,
"गरम पाण्यात पडलेल्या लोकरीसारखं.
फक्त गरम पाणी नसतं."

थर्मामीटर फळीवर ठेवलं. बारा अंश.
मी बारा लिहिले. तिनं डोकावून पाहिलं.
"तेरा लिही ना. तू आलीस म्हणून
किटली ठेवलीय मी."

दाराशेजारी मीटर. आधी पैसे, मग उजेड.
कार्ड संपत आलं की लाल डोळा मिचकावतो.
ऑगस्टात ती तीन आठवडे पलीकडे इस्पितळात होती,
एक दिवा लागला नव्हता घरात,
परत आली तर कार्ड रिकामं.
स्थिर आकार, मी समजावलं.
वीज वापरा, नका वापरू, रोजचा लागतोच.
"म्हणजे माझ्या नसण्याचेही
पैसे पडतात?"
फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

खिडकीतून टेकडीवरची पवनचक्की दिसते.
सत्तेचाळीस घरांनी मिळून उभी केलेली.
शोनागनं दोन मेंढ्या विकून हिस्सा घेतला,
प्रमाणपत्र चहाच्या डब्यामागे आहे.
"एका पात्याचं टोक तरी माझं असेल."
पण वीज तिच्या छपरावरून जाते,
समुद्राखालच्या केबलमधून पलीकडे,
तिथं कुणीतरी तिला भाव लावतं,
मग ती परत येते.
"मेंढीचंही तेच. इथून बोटीनं जाते,
पाकिटात बसून तिप्पट दरानं येते.
फक्त मेंढी जाताना
ओरडते तरी."

दुपारी वारा इतका चढला
की कोंबड्यांचं खुराडं सरकत कुंपणाला टेकलं,
आणि पवनचक्की थांबली.
टॉरकिल आला, तिची देखभाल करणारा,
दारातूनच म्हणाला: पलीकडून फोन होता,
बंद ठेवा, केबल भरलीय.

भरलीय.
आम्ही तिघं जरा वेळ त्या शब्दाकडे पाहत बसलो.
शोनागनं स्वेटरवर स्वेटर चढवला.
वर तीन पाती, वाऱ्यात, गप्प.
खाली मीटर चालू.
त्याला कुणी फोन केला नव्हता.

मी निघाले तेव्हा थर्मामीटर तिथंच ठेवलं.
रोज आकडा लिहा, म्हटलं. तिनं मान हलवली,
जणू मी तिच्याकडे मांजर सोपवून चालले होते.

आठवड्यानं तिचा फोन.
"एकोणीस!" ओरडली. "रविवारी, रात्री नऊला!"
हीटर लावलात?
"छे. हॉलचा बॉयलर बिघडला, म्हणून सभा माझ्याकडे.
चौदा माणसं आणि टॉरकिलचा कुत्रा."
मंत्र्यांच्या नव्या धोरणाचा मसुदा आला होता,
सेहेचाळीस पानं, टॉरकिलनं उभं राहून वाचला.
'सामुदायिक' हा शब्द एकतीस वेळा,
लहान पोरांनी बोटं मोडून मोजला.
'केबल' एकदा, तळटीपेत.
टेकडीवरून थेट घरांत तार ओढायची का,
त्यावर भांडण झालं. परवाना कोण देणार,
खांब कुणाच्या कुरणात रोवायचा,
म्हाताऱ्या युअननं काठी आपटली,
कुणीतरी रडलं, कुणीतरी केक कापला.
खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली,
किती वर्षांनी.

मग? मी विचारलं.
"मग काय, गेले सगळे.
पहाटे दहा."

मी दोन्ही आकडे भरले,
एकोणीस आणि दहा.
सरासरी फॉर्म आपोआप काढतो:
साडेचौदा.
त्या घरात कुणाच्याच अंगाला
न लागलेलं तापमान.